विजेची मोटार : कोणी आणि केव्हा?

शाळेच्या शिक्षक-दालनात काय किंवा कचेरीतल्या मधल्या सुटीच्या चहापाशी काय, हल्ली एक प्रश्न हटकून निघतो : पेट्रोलची मोटार काढून टाकून विजेची घ्यावी काय? विचारणारा बहुधा दहा-बारा वर्षांच्या काटकसरीनंतर लहानशी गाडी घेतलेला आणि तिचे हप्ते नुकतेच फिटलेले, असा गृहस्थ असतो. जाहिरात त्याला सांगते की, आज बदलला नाहीस तर मागे पडलास. शेजारी सांगतो की, बॅटरी बिघडली की संसार बुडाला. या दोघांचेही ऐकण्यापूर्वी त्याने आपल्या गाडीतील किलोमीटरच्या आकड्याकडे एकदा नीट पाहावे, असे आम्हांस वाटते.

या वादात नॉर्वेचा दाखला नेहमी दिला जातो. २०२४ साली त्या देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहातल्या जवळजवळ नऊ निव्वळ विजेवर चालणाऱ्या होत्या, ही गोष्ट खरी. परंतु तेथील वीज बव्हंशी पाण्यापासून होते. शिवाय पेट्रोलच्या गाडीवर तेथे जबर खरेदी-कर आणि विजेच्या गाडीला १९९० च्या दशकापासून त्यातून सूट! नॉर्वेचा नागरिक आपल्याहून अधिक पर्यावरणनिष्ठ जन्माला येतो असे नव्हे. त्याचा खिसा आणि त्याचा विवेक यांची वाट सरकारने एकच करून ठेवली. आपल्याकडे या दोन वाटा अजून पुरत्या मिळालेल्या नाहीत.

प्रथम खिशाचा हिशेब. लहान पेट्रोल गाडी शहरात लिटरला सोळा किलोमीटर धावते असे धरले आणि पेट्रोलचा भाव शंभराच्या थोडा वर धरला, तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. विजेची गाडी एका युनिटात सुमारे सात किलोमीटर जाते. घरच्या युनिटाला सर्व आकार धरून बारा रुपये मोजले तरी खर्च पावणेदोन रुपयांवर जात नाही. म्हणजे किलोमीटरमागे पावणेपाच रुपये वाचले. हा फरक लहान नव्हे. मात्र केंद्राने विजेच्या गाडीवरील वस्तू व सेवा कर २०१९ पासून पाच टक्क्यांवर आणूनही तिची किंमत तशाच पेट्रोल गाडीहून तीन-साडेतीन लाखांनी अधिक असू शकते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरील कर अठरा टक्क्यांवर उतरल्याने तीही स्वस्त झाली. वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे हे जादा पैसे तीन-चार वर्षांत फिटतात. शाळा, बाजार आणि दिवाळीत एकदा गावी जाऊन येणे, एवढ्यासाठी चार हजार किलोमीटर फिरणाऱ्या शिक्षकाला त्यासाठी सोळा ते अठरा वर्षे लागतील. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते!

आता धुराचा हिशेब. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; शंभर किलोमीटरला चौदा किलोंहून थोडा अधिक. आपल्या देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशावर होत असल्याने युनिटामागे पाऊण किलोच्या आसपास वायू बाहेर पडतो. म्हणजे तेवढ्याच अंतराला दहा किलोंवर. बचत होते, पण चारच किलोंची. उलट, नवी बॅटरी तयार करतानाच दोन-तीन टन वायू निघून गेलेला असतो. तो फेडायला पन्नास ते पंचाहत्तर हजार किलोमीटर धावावे लागते. शहरातील हवा सुधारते हे निर्विवाद. सिग्नलपाशी दुचाकीवर मूल घेऊन थांबलेल्या माणसाला त्याचे मोल विचारावे. परंतु पुण्याच्या रस्त्यावर न दिसणाऱ्या धुराचा काही भाग चंद्रपूर आणि कोराडीच्या चिमण्यांतून बाहेर पडतो, आणि तेथे खोकणाऱ्यांपैकी कित्येकांनी मोटार कधी घेतलेलीच नसते.

एक गोष्ट मात्र विजेच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. पेट्रोलची गाडी दरवर्षी जुनी होते तशी अधिकच धूर सोडते. विजेच्या गाडीची वीज मात्र सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढेल तशी दरवर्षी शुद्ध होत जाईल. सूर्याची वीज मिळते दुपारी, आणि दुपारी गाडी उभी असते शाळेच्या किंवा कचेरीच्या आवारात. तेथे प्लग कोणी बसवला आहे? घरीही तीच अडचण. वाहने चार्ज करण्याचे केंद्र चालविण्यास वीज कायद्याखालील परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केले. तथापि गृहनिर्माण संस्थेच्या सभेत तळमजल्यावरील एका वेगळ्या मीटरचा विषय निघाला की वर्ष-वर्ष ठराव होत नाही. ज्याला गाडी उभी करायला हक्काची जागा आणि त्या जागेशी प्लग नाही, त्याने हा विचार तूर्त बाजूस ठेवावा.

रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्याने आणि भाड्याने गाडी चालविणाऱ्याने पुढली गाडी निःशंकपणे विजेची घ्यावी. थोडे फिरणाऱ्याने आहे ती गाडी नीट राखून तिचे आयुष्य संपेपर्यंत वापरावी. ती आज विकली तरी नाहीशी होणार नाही. दुसऱ्या तालुक्यात धावतच राहील.

राहिला तो मोठा वर्ग, ज्याच्याकडे मोटार नाही. १ जून १९४८ रोजी ज्या पुणे–नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवरची 'शिवाई' सुरू झाली. दिवसभर माणसांनी भरून धावणारी बस आपल्या बॅटरीचे ऋण खासगी मोटारीहून कितीतरी लवकर फेडते. महामंडळाने पुढे ५१५० विजेच्या बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. त्या ठरल्या मुदतीत आल्या नाहीत. मोटारींच्या सवलतींवर विधिमंडळात जेवढी चर्चा होते, तेवढी या बसगाड्यांच्या विलंबावर एकदा तरी व्हावी.