बॅगेतला छापखाना

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ते ओसरल्यावर विम्याचा सर्वेक्षक म्हणून मी तिथे गेलो. दुकानांत चिखल, वीज गेलेली. भिजलेल्या मालाची यादी दुकानदारासमोर करायची, तिथेच छापायची, सही घ्यायची. हे जमलं ते बॅगेतल्या बॅटरीवरच्या प्रिंटरमुळे. सगळं वाहून गेलेल्या माणसाच्या हातात निदान एक कागद ठेवता येत होता.

त्याच प्रिंटरने यंदा मान टाकली. अक्षरांत पांढऱ्या रेघा, कागद आत घेईना, आणि शाई उडवणाऱ्या हेडची गाडी धाडकन एका कडेला आदळायची. दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितलं, नवा घ्या. माझं मन मानेना.

या यंत्राचं सगळं काम वाफेवर चालतं. हेडमधल्या सूक्ष्म कप्प्यात हीटर क्षणभर तापतो, शाईत बुडबुडा फुगतो आणि त्याच्या दाबाने थेंब कागदावर उडतो. कॅननचे इचिरो एंडो यांना हे 1977 मध्ये गवसलं, शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला सोल्डरिंगचं तापलेलं टोक लागलं तेव्हा. एचपीनेही हीच वाट स्वतंत्रपणे शोधली. 1984 च्या त्यांच्या थिंकजेटला 12 छिद्रं होती आणि हेड कार्ट्रिजमध्येच बसवलेलं होतं. 1990 मध्ये कॅननचा वहीएवढा बीजे-10 आला.

हेड कुठे आहे, यावर दुरुस्तीचा खर्च ठरतो. ते कार्ट्रिजमध्ये असेल तर नव्या कार्ट्रिजबरोबर नवं हेडही मिळतं. माझ्या प्रिंटरचं हेड वेगळं आहे, त्यामुळे ते वाचवणं भाग होतं. क्लीनिंगचं बटण पुन्हा पुन्हा दाबायचं टाळलं. प्रत्येक वेळी चांगली शाई ओढली जाते आणि तळाच्या स्पंजात जाते. तो भरल्याची नोंद झाली की प्रिंटर छापायचंच थांबवतो. त्याऐवजी टिश्यू पेपरची घडी कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओली केली आणि हेड रात्रभर तिच्यावर टेकवून ठेवलं. सकाळी घडीवर वाळलेल्या शाईचे डाग उतरले होते.

कागदाचं दुखणं साधं निघालं. रबरी रोलर गुळगुळीत झाले होते, ते ओल्या फडक्याने पुसले. कोकणातल्या दमट हवेत सर्दावलेले कागदही बदलले.

गाडी का आदळते, हे मात्र दोन दिवस उमगेना. तिच्या मागे एक पारदर्शक पट्टी ताणलेली असते, तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा रेघा. गाडीवरचा सेन्सर त्या मोजतो, म्हणून आपण कुठे आहोत हे गाडीला समजतं. पट्टीवर शाईचा एक पुसट डाग होता. तेवढ्या जागेत मोजणी चुकायची. अगदी हलक्या हाताने तो पुसला आणि गाडी शहाण्यासारखी कडेला थांबली.

छपाई स्वच्छ आली. बॅटरी तेवढी गेली ती गेलीच. या मॉडेलची मूळ बॅटरी आता बनत नाही. आतले सेल बदलून देणारे भेटले, पण लिथियमचे असे सेल गाडीत घेऊन घाटातून फिरायची माझी तयारी नाही. आणि वीज नसलेल्या गावात अॅडॉप्टर काय कामाचा?

बॅटरी मिळते याची खात्री करून बॅगेसाठी नवा प्रिंटर मागवला आहे. जुना टेबलावर अॅडॉप्टरला जोडून ठेवलाय. आठवड्यातून एकदा त्यावर एक रंगीत पान काढतो, म्हणजे छिद्रं वाळत नाहीत. शाईचे चार डबे कपाटात आहेत.