हेन्रिएटाच्या पेशी आणि आपली सही

घरातलं कुणी दवाखान्यात भरती झालं की नर्स कागदांचा गठ्ठा पुढे करते. इंग्रजी मजकूर, बारीक अक्षरं. अब्बा विचारतात, "सही कुठं करायची?" काय लिहिलंय, हे सहसा कुणी विचारत नाही. पेशंट आत स्ट्रेचरवर असताना वाचत बसायला सवड कुणाला असते? पण त्या सहीत काय काय येतं आणि काय येत नाही, हे समजून घ्यायचं असेल तर आम्ही एक पुस्तक सुचवू. अमेरिकी पत्रकार रिबेका स्क्लूट यांचं 'द इमॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स'. २०१० साली आलेल्या या पुस्तकामागे सुमारे दहा वर्षांची मेहनत आहे.

हेन्रिएटा ही व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतात राबलेली कृष्णवर्णीय बाई, पाच मुलांची आई. १९५१ च्या सुरुवातीला तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये गरीब काळ्या लोकांवर उपचार होत, पण वेगळ्या वॉर्डात. उपचारासाठी तिने सही केली. रेडियम लावण्याआधी डॉक्टरांनी गाठीचा एक छोटा तुकडा काढला आणि तो डॉ. जॉर्ज गाय व त्यांच्या पत्नी मार्गारेट यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्याबद्दल मात्र तिला कुणी विचारलं नाही. तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती, तसा कायदाही नव्हता.

तोवर माणसाच्या पेशी शरीराबाहेर थोड्याच दिवसांत मरून जायच्या. या पेशी मात्र साधारण दर २४ तासांनी दुप्पट होत गेल्या. नाव-आडनावाची पहिली अक्षरं घेऊन त्यांना 'हेला' म्हटलं गेलं. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, ३१ व्या वर्षी, हेन्रिएटा गेली. कबरीवर दगडही बसला नाही, तो कित्येक दशकांनी बसला. तिच्या पेशी मात्र जगभरच्या लॅबमध्ये पोहोचल्या. पोलिओ लशीच्या चाचणीसाठी त्या टस्कीगी इथे मोठ्या प्रमाणावर वाढवल्या गेल्या, तेही कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञांच्या हातून. त्याच टस्कीगीत तेव्हा काळ्या पुरुषांना सिफिलिसचे उपचार न देता नुसतं 'निरीक्षणाखाली' ठेवलं जात होतं, हेही विसरू नये.

घरच्यांना हे सगळं कळलं १९७३ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी. हेला पेशी इतर पेशींमध्ये मिसळून कितीतरी प्रयोग बिघडले होते. त्या ओळखण्यासाठी संशोधकांना कुटुंबाचं रक्त हवं होतं. फोन आला तेव्हा नवऱ्याला वाटलं, बायको लॅबमध्ये जिवंत आहे! मुलगी डेबोराला वाटलं, आपली कॅन्सरची तपासणी चाललीय, आणि ती निकालाची वाट बघत राहिली. पुस्तकात आम्हाला सगळ्यात जास्त लागलेला भाग हाच. पुढे हेन्रिएटाचे वैद्यकीय कागदही कुटुंबाला न विचारता एका पुस्तकात छापले गेले. पेशींवर कंपन्या पैसा कमावत होत्या आणि तिच्या मुलांकडे आरोग्य विमाही नव्हता.

स्क्लूट यांच्या पुस्तकातही या घरातल्या अगदी खाजगी गोष्टी आहेत. कुटुंबातल्या काहींनी त्यांना मदत केली, हे खरं. तरी वाचताना ते मधूनमधून खटकतं, हे सांगितलं पाहिजे.

पुस्तक आल्यानंतरही प्रश्न संपला नाही. मार्च २०१३ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी हेला पेशींचा पूर्ण जीनोम इंटरनेटवर टाकला. पुन्हा घरच्यांना न विचारता. इथे मुद्दा एकट्या हेन्रिएटाचा राहत नाही. आईच्या जीनोममधून मुलांबद्दल, नातवंडांबद्दल, त्यांच्या संभाव्य आजारांबद्दलही अंदाज बांधता येतो. सही एकाची, उघडं पडतं अख्खं खानदान. ती माहिती मागे घेतली गेली. ऑगस्टमध्ये करार झाला : ही माहिती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत लॅक्स कुटुंबाचे दोन सदस्य असतील. एका मोठ्या कंपनीशी चाललेला खटला २०२३ मध्ये तडजोडीने मिटला, रक्कम गुप्त राहिली.

फायदा झालाच नाही असं आम्ही म्हणणार नाही. त्याच पेशींत एचपीव्ही-१८ हा विषाणू सापडला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही आहे, हे दाखवणारे हाराल्ड झुर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' लस याच १८ क्रमांकाच्या प्रकारापासूनही संरक्षण देते. आपल्या मुलींना लस द्यायची की नाही याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. भारतातल्या बायकांमध्ये हा कॅन्सर दुसऱ्या क्रमांकावर आहे.

आता आपल्याकडचं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. संशोधनासाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार संशोधनाची माहिती सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. तपासणीनंतर उरलेल्या नमुन्यावरून ओळख पूर्ण पुसलेली असेल, तर नैतिकता समिती संमतीतून सूट देऊ शकते. म्हणजे नकळत वापर अजूनही शक्य आहे.

म्हणून पुढच्या वेळी गठ्ठा समोर आला की दोनच गोष्टी विचारा. हा कागद उपचाराचा की संशोधनाचा? आणि उरलेल्या रक्ताचं, गाठीच्या तुकड्याचं पुढे काय होणार? दादीला वाचता येत नसेल तर अंगठा घेण्याआधी तिला मराठीत किंवा उर्दूत समजावून सांगायला लावा. संशोधनाला नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. संशोधनाच्या संमतीपत्राची एक प्रत मागून घरी फाईलला लावून ठेवा.