टेप आरपार दिसेपर्यंत

१९७५च्या ऑगस्टमध्ये क्वीन हा बँड वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या ध्वनिमुद्रणाला बसला, तेव्हा अख्खं गाणं फक्त फ्रेडी मर्क्युरीच्या डोक्यात होतं. निर्माता रॉय थॉमस बेकरला त्याने ते पियानोवर ऐकवलं होतं, तेही मध्येच थांबून. इथून पुढे ऑपेरा, एवढंच सांगितलं. त्यामुळे आधीचा आणि नंतरचा भाग वाजवून झाला, मधली टेप कोरी राहिली.

खरं गाणं घडलं ते या कोऱ्या जागेत. ऐकताना गायकांचा ताफा उभा असल्यासारखं वाटतं. गात होते तिघंच. मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर रोज दहा-बारा तास गात. संगणक नव्हता, ट्रॅक चोवीसच. ते भरले की सगळे आवाज एकत्र करून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. काही ठिकाणी आवाजांचे थर १८०च्या घरात गेले. मशीनवरून फिरून फिरून टेपवरचा लेप इतका झिजला, की उजेडात धरल्यावर ती आरपार दिसू लागली.

५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं रेडिओ वाजवणार नाही, असं जाणकारांचं मत होतं. कॅपिटल रेडिओच्या केनी एव्हरेटने ते एका शनिवार-रविवारात १४ वेळा वाजवलं. ब्रिटनमध्ये गाणं नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. याचं श्रेय गाण्याच्या व्हिडिओला जरा जास्तच दिलं जातं, असं मला वाटतं.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतला पियानो वाजवणारा फारुख बुलसारा म्हणजेच मर्क्युरी, म्हणून आपल्याकडे या गाण्याबद्दल जास्तीची आपुलकी. गाण्याचा अर्थ मात्र त्याने कधी उलगडून सांगितला नाही. २०२३मध्ये त्याच्या हस्तलिखिताचा लिलाव झाला, त्यात 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी' हे खोडलेलं नाव निघालं!

नोव्हेंबर १९९१मध्ये तो गेल्यावर गाणं ब्रिटनमध्ये पुन्हा पहिलं आलं. पुढच्या वर्षी 'वेन्स वर्ल्ड' चित्रपटात गाडीत बसून माना झटकणाऱ्या पोरांनी ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर नेलं. १९७६मध्ये तिथे ते नवव्यापर्यंतच पोचलं होतं.

रंगमंचावर मात्र हे गाणं कधीच पूर्ण मावलं नाही. ऑपेरा आला की बँड आत जायचा आणि टेप लावली जायची. १९८५च्या 'लाइव्ह एड' या मैफलीत तर क्वीनने फक्त सुरुवातीचा भाग घेतला आणि थेट 'रेडिओ गागा' सुरू केलं.