डासाला सवय लागत नाही!

धूर फवारणीचं मशीन भुरभुरत गेलं की मागून एक डायलॉग हमखास येतो, ‘काही उपयोग नाही, डासांना आता याची सवय झालीय.’ एकलहऱ्यात थर्मलच्या कॉलनीपासून गावातल्या पारापर्यंत तुम्हीही तो ऐकला असेल, कदाचित मारलाही असेल. पण डासाला औषधाची सवय लागत नाही. आपल्याला चहाची लागते तशी तर नाहीच नाही.

होतं काय, तर लाखो डासांत एखाद्याच्या जनुकात एक बारीकशी गडबड आधीपासूनच असते, औषध कधी पाहिलेलं नसतानाही. फवारणी झाली की बाकीचे मरतात, हा उरतो. पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण दहा दिवस लागतात. म्हणजे एका मोसमात किती पिढ्या, हिशेब तुम्हीच करा. औषध डासाला काही शिकवत नाही, ते फक्त निवडतं.

ही गडबड असते कुठे? डासाच्या नसांमध्ये सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. डीडीटी त्या दारात पाचरीसारखं बसतं. दार मिटत नाही, नस थांबायचं नाव घेत नाही, डास लुळा पडून मरतो. हे दार म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. तिच्यातला १०१४ नंबरचा मणी ल्युसिनचा. त्याजागी फेनिलअॅलॅनिन किंवा सेरिन आलं की पाचर नीट बसत नाही. त्यासाठी डीएनएतलं एक अक्षर बदललं तरी पुरतं! या बदलाला ‘केडीआर’ म्हणतात. गंमत म्हणजे आई आणि बाप दोघांकडून ही प्रत मिळाली तरच डासाला खरा फायदा होतो. एकच प्रत असेल तर तो बहुधा मरतो. त्यामुळे सुरुवातीला हे जनुक लपून पसरतं, आणि लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

आता खरी अडचण. कॉइल, लिक्विडचं मशीन, औषध लावलेली मच्छरदाणी, या सगळ्यांत बहुतेक करून पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. तीही त्याच दारात बसतात. म्हणजे आजोबांच्या काळात भिंतीवर मारलेल्या डीडीटीने जे डास निवडले, ते नातवाच्या औषधाला आधीच अर्धे तयार!

आजोबांच्या काळात डीडीटीने कमाल केली होती, हेही खरं. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा. १९६५ मध्ये आकडा लाखभरावर आला. पण १९५९ मध्येच, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहाल जिल्ह्यातून ‘अॅनोफिलीस क्युलिसिफेसीज’ हा डास डीडीटीला दाद देईनासा झाल्याची नोंद आली होती. १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. सगळा दोष जनुकाचा नाही, मोहीम ढिली पडली हेही तितकंच कारण. पण पुढे भारतातल्या याच डासात केडीआर सापडलं.

क्युलिसिफेसीजला पाटाचं पाणी आणि नदीकाठची डबकी आवडतात, दिवसा तो गोठ्यात बसून राहतो. गोदाकाठच्या माणसाला हे वर्णन वाचून आपलंच गाव दिसेल. त्यात आपला नाशिक जिल्हा द्राक्षांचा. थ्रिप्ससाठी मारतात ते लॅम्डा सायहॅलोथ्रिनसुद्धा पायरेथ्रॉइडच. फवाऱ्याचं पाणी डबक्यात उतरलं की तिथल्या अळ्यांचीही निवड सुरू होते. शेतीतल्या औषधांमुळे डास चिवट झाल्याचं जगात बऱ्याच ठिकाणी दिसलंय.

आपल्याकडे हिवताप आता फार दिसत नाही, म्हणून हे दूरचं वाटेल. गडचिरोलीत मात्र औषध लावलेली मच्छरदाणी हाच रात्रीचा मोठा आधार आहे. म्हणून डास पकडून तपासतात. तासभर औषधी कागदाच्या नळीत ठेवायचं, चोवीस तासांनी मोजायचं. ९८ टक्के किंवा जास्त मेले तर औषध चालतंय. ९० टक्क्यांपेक्षा कमी मेले तर डास प्रतिकारक ठरतो.

काही डास आणखी हुशार, ते विकरं वापरून औषधच फोडून टाकतात. त्यांच्यासाठी ती विकरं बंद पाडणारं रसायन मिसळलेल्या मच्छरदाण्या निघाल्यात. आणि पाण्याच्या हौदात सोडलेले गप्पी मासे आहेतच. ते अळी गिळताना तिचा १०१४ नंबरचा मणी कोणता आहे, ते बघत नाहीत.