हवेचे पंचांग

जानेवारीत पुण्याच्या वर्तमानपत्रांत तापमानाचा एक तक्ता ठरलेला असतो. शिवाजीनगर, पाषाण, एनडीए या भागांतले किमान तापमान कडाक्याच्या थंडीत दहा अंशांखाली जाते, तर लोहगाव आणि मगरपट्ट्याचा पारा अनेकदा त्याच्या चार-पाच अंश वर असतो. आपण ही थंडीची बातमी म्हणून वाचतो. शहर कोणती हवा श्वासात घेणार, तेही हाच तक्ता सांगत असतो.

खोऱ्यातले शहर

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर, मुळा-मुठेच्या खोऱ्यात वसले आहे. दक्षिणेला सिंहगड-कात्रजची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे, आणि ऐन वस्तीत वेताळ टेकडी, पर्वती. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन उतारांवरून सखल भागात साचते. वर मात्र उबदार थर राहतो. एरवी उंचीबरोबर तापमान घटते, इथे ते वाढते. भूगोलाच्या पुस्तकांत याला तापमानाची विपरीतता म्हणतात. उबदार थराचे हे झाकण बसले की खालचा धूर वर जाऊ शकत नाही.

उन्हाळ्यातल्या दुपारी जमिनीलगतची हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत ढवळली जाते. हिवाळ्यातल्या पहाटे हीच उंची शे-दोनशे मीटरवर येऊ शकते. म्हणजे गाड्या तेवढ्याच असल्या, तरी त्यांच्या धुराला मिसळायला मिळणारी हवा दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी. शाळेच्या बस आणि कार्यालयांची गर्दी रस्त्यावर येते, तेव्हा झाकण पुरते उघडलेले नसते. आरोग्यासाठी पहाटे फिरायला निघणारा पुणेकर हिवाळ्यात नेमकी चुकीची वेळ निवडतो.

तीन ऋतू, तीन हवा

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे जोरदार पश्चिमी वारे आणि पावसाच्या सरी हवा धुऊन काढतात. पण पुणे पर्जन्यछायेत आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यात जेमतेम सातशे. मोसमी पाऊस ऑक्टोबरमध्ये माघारी गेला की पुढचे सात महिने धुलाई जवळपास बंद. उन्हाळ्यात धूळ वाढते आणि तीव्र उन्हात वाहनांच्या धुरातून ओझोन तयार होतो. तरी संध्याकाळी पश्चिमेकडून सुटणारा गार वारा बरेच काही वाहून नेतो. खरी कोंडी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते.

मुंबईला समुद्राचा आधार आहे, पण तोही ऋतूच्या मर्जीवर. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे अशी तिथे अदलाबदल चालते. 2022-23 च्या हिवाळ्यात, प्रशांत महासागराचे पाणी गार करणाऱ्या ला निनाच्या सलग तिसऱ्या वर्षी, वारे मंदावले आणि मुंबईची हवा अनेक दिवस बिघडली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली.

फटाक्यांचा धूर किती साचणार, हेही ऋतूवरच ठरते. अधिक महिना आला की दिवाळी पुढे सरकते. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होते. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे ते 12 नोव्हेंबरला आले. मधल्या तीन आठवड्यांत साधारणपणे रात्री गार होतात, वारा पडतो. तेवढेच फटाके उशिराच्या दिवाळीत अधिक धूर साचवू शकतात.

आपले वेळापत्रक

भूगोल आणि ऋतू आपल्या हातात नाहीत, कामांच्या तारखा मात्र आहेत. आणि त्या आपण उलट्या लावल्या आहेत. पावसाळ्यात रस्तेखोदाईला बंदी असते, म्हणून पाऊस संपताच खोदाई सुरू होते. रखडलेली बांधकामे तेव्हाच वेग घेतात, वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात. रखवालदारांच्या शेकोट्या आणि पानगळीचा जाळलेला पाला त्यात भर घालतात. हवा सर्वांत कमी सोसू शकते, त्याच महिन्यांत आपण तिच्यावर सर्वाधिक भार टाकतो. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेत आली. बांधकामाचा पट्टा त्यामुळे डोंगरउतारांपर्यंत पोहोचला.

2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाची उद्दिष्टे वार्षिक सरासरीवर बेतलेली आहेत. पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली मर्यादा 5 आहे. त्यातही पावसाने धुतलेले चार महिने सरासरीत मिसळले की हिवाळ्याचे चार महिने कागदावर सौम्य दिसतात. फुप्फुसे मात्र सरासरी हवा घेत नाहीत, त्या दिवसाची घेतात.

म्हणून मागणी साधी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सरासरी वेगळी मोजावी आणि जाहीर करावी. तातडीची नसलेली खोदाई मार्च ते मेमध्ये, पाणी मारून आणि कडेची माती लगेच उचलून करावी. पाला जाळण्याऐवजी कुजवण्याची सोय प्रत्येक प्रभागात हवी. तापमानाचा अंदाज देणारी वेधशाळा याच शहरात आहे, हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थाही पाषाणला आहे. त्यांचे अंदाज पाहूनच खोदाईचे परवाने द्यावेत, असा नियम करायला महापालिकेने आणखी एका हिवाळ्याची वाट पाहू नये.