बर्फ कुठून आला?

मुलांनो, नाताळ जवळ आला की शाळेशाळेतल्या चित्रकलेच्या वह्यांत एकच चित्र उतरतं. उतरत्या छपराचं घर, टोकदार झाड आणि सगळीकडे पांढराशुभ्र बर्फ! शिरूरला घोडनदीच्या काठी किंवा दौंडला भीमेच्या काठी डिसेंबरात थंडी पडते खरी, पण बर्फ कुणी पाहिलाय? गंमत म्हणजे बायबलमधल्या येशूजन्माच्या गोष्टीतही बर्फ नाही. तिथे आहे गव्हाण, आणि रात्री रानात मेंढरं राखणारे मेंढपाळ.

मग हा बर्फ आला कुठून? तो आला युरोपातल्या भेटकार्डांवरून. तिथल्या चित्रकारांनी आपल्या दाराबाहेर दिसणारा बर्फ रंगवला. त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. आपण मात्र न बघितलेली वस्तू दुसऱ्याचं पाहून काढली.

हाच विचार अँजेलो दा फोन्सेका या चित्रकाराने केला. त्यांचा जन्म 1902 साली गोव्यात झाला. बंगालमध्ये जाऊन ते अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्यासारख्या गुरूंकडे शिकले. परत आल्यावर त्यांनी येशूची आई मरिया रंगवली, ती साडी नेसलेली, आपल्याकडच्या बायांसारखी. झालं! गोव्यातले पुष्कळ लोक रागावले. युरोपी चेहऱ्याची मरिया बघायची त्यांच्या डोळ्यांना सवय होती ना! फोन्सेकांना गोवा सोडावा लागला. ते पुण्याला आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढत राहिले. लोकांना आवडतं तसं काढलं असतं, तर त्यांना गाव सोडावं लागलं नसतं. पण त्यांनी आपली रेघ बदलली नाही. 1967 मध्ये ते वारले. ज्या गोव्याने त्यांना नाकारलं, त्याच गोव्यात पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आज त्यांची चित्रं जपून ठेवली आहेत.

आता तुम्ही विचाराल, "म्हणजे दुसऱ्याकडून काहीच घ्यायचं नाही का?" घ्यायचं की! याचं उत्तर घोडनदीचा पूल ओलांडून नगर जिल्ह्यात गेलं की मिळतं. नगरला कवी नारायण वामन टिळक राहत. 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची पक्ष्याची कविता तुमच्या आजी-आजोबांना विचारा, अजून पाठ असेल. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. तेव्हा मराठी चर्चमध्ये बरीचशी गाणी इंग्रजीवरून केलेली, चालीही तिकडच्याच. टिळकांनी अभंगाच्या वळणाची, आपल्या मातीतली भजनं रचली. हे वळण त्यांनी घेतलं कुठून? संतांकडून. आणि ते त्यांनी लपवलं नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघड सांगत.

बघा हं, फोन्सेकांनीही गुरूंकडून घेतलं, टिळकांनीही संतांकडून घेतलं. पण दोघांनी त्यात आपलं पाहिलेलं, आपलं वाटलेलं घातलं. नक्कल करणारा यातलं काहीच घालत नाही. वर खाली आपलं नाव लिहितो!

सरावासाठी चित्र पाहून काढायला मुळीच हरकत नाही. हात त्यानेच वळतो. फक्त खाली लिहावं, 'अमक्याचं चित्र पाहून काढलं.' एवढ्या एका ओळीने चोरी टळते आणि गुरूला मानही मिळतो.

पालकहो, थोडं तुमच्याशीही बोलते. स्पर्धेच्या चित्रातली रेघ आईची, रंग ताईचा आणि बक्षीस मुलाचं, असं घडतं तेव्हा मुलाच्या हातात कप येतो, पण "माझं चित्र चांगलं नाही" हेही त्याला गुपचूप शिकवलं जातं. त्याची वाकडी गाय वाकडीच राहू द्या. ती त्याने पाहिलेली गाय आहे.

तर मुलांनो, या नाताळला एक करून बघा. दिवाळीनंतर आपल्या भागात धनगर बांधव मेंढरं घेऊन येतात. शेतात मेंढरं बसवतात, कारण लेंड्यांचं खत होतं. त्यांच्या वाड्यावर मोठ्या माणसांबरोबर जा. घोंगडी कशी पांघरतात, कोकरू कसं उचलतात, कुत्रं कुठे बसतं, नीट बघा. मग त्या पहिल्या नाताळच्या रात्रीचे मेंढपाळ काढा. गव्हाणीत कडबा घाला, मागे बाभळ उभी करा. तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, चित्र तुमचंच होईल. आणि खाली नाव लिहिताना हात अडखळणार नाही.