तटाआडची विश्रांति

विश्रांतीसाठीं मनुष्य घरदार सोडून दूर देशीं जातो आणि तेथें पुष्कळ द्रव्य खर्च करितो. त्या द्रव्याच्या मोबदल्यांत तो नेमकें काय विकत घेतो, या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं. त्यासाठीं दक्षिण फ्रान्समधील एक जुनें गांव मीं उदाहरणादाखल निवडलें आहे. त्याचें नांव सें-पॉल-द-व्हांस. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून थोडें आंत, सुमारें 180 मीटर उंचीच्या टेकडीवर तें वसलेलें आहे. जगांतील धनिक लोक आज तेथें स्वस्थतेच्या शोधांत येतात. पण ज्यांनीं तें गांव बांधलें, त्यांच्या वांट्यास स्वस्थता फारच थोडी आली होती.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढें आणावा. इटलीच्या सीमेजवळ, समुद्रकांठीं, नीस हें मोठें शहर आहे. त्याच्या पश्चिमेस व्हार नांवाची नदी समुद्रास मिळते, आणि नदीपलीकडच्या टेकड्यांत आपलें हें गांव आहे. 1388 सालीं नीस शहर सॅव्हॉयच्या घराण्याकडे गेलें. व्हार नदी सरहद्द ठरली आणि सें-पॉल हें सीमेवरचें ठाणें बनलें. 1536 सालीं सम्राट पांचवा चार्ल्स यानें प्रोव्हांस प्रांतावर स्वारी केली. तो धडा घेऊन फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा यानें पुढील दशकांत गांवाभोंवतीं तोफांच्या माऱ्यास टिकेल असा नवा तट आणि बुरूज बांधविले. ही भीति पोकळ नव्हती. 1543 सालीं जवळच्या नीस शहरासच वेढा पडला, आणि त्या वेढ्यांत फ्रेंचांच्या मदतीस तुर्की आरमार आलें होतें.

आतां या तटाच्या आंत शिरून पाहूं. तटामुळें जागा मोजकी. म्हणून घरें एकमेकांस खेटून उभीं राहिलीं, उंच चढलीं आणि मधल्या गल्ल्या अरुंद झाल्या. भिंती जाड दगडाच्या. या साऱ्यांत सुखसोयीचा विचार दुय्यम होता. मुख्य विचार जीव वांचविण्याचा. परंतु परिणाम पाहा. अरुंद गल्लींत भर उन्हाळ्यांतहि सावली असते. जाड भिंत दिवसाची उष्णता इतक्या सावकाश आंत घेते कीं, ती खोलींत पोंचेपर्यंत संध्याकाळ उलटून जाते. जुन्या गल्ल्यांत मोटारींचा सुळसुळाट नाहीं, म्हणून पावलांचा आणि कारंज्याच्या पाण्याचा आवाज कानीं येतो. शत्रु दुरून दिसावा म्हणून निवडलेल्या जागेवरून आतां समुद्र आणि आल्प्सचे डोंगर दिसतात. जी सावली, जी शांतता आणि जो देखावा आजचा प्रवासी मोठी किंमत देऊन घेतो, ते सर्व मूळचे संरक्षणाचे उपाय होत.

मग हें ठाणें विश्रामस्थान कसें झालें? 1860 सालीं नीस फ्रान्समध्यें सामील झालें, सरहद्द पूर्वेकडे सरकली, आणि व्हारकांठच्या तटाचें उरलेंसुरलें काम संपलें. मागें राहिलें तें ऑलिव्ह आणि द्राक्षें पिकविणारें साधें खेडें. पहिल्या महायुद्धानंतर तेथें चित्रकार येऊं लागले. प्रकाश स्वच्छ होता आणि राहणें स्वस्त होतें. 1920 सालीं पोल रू नांवाच्या गृहस्थानें वेशीजवळ एक लहानसें उपाहारगृह काढलें. तेंच पुढें ‘ला कोलोंब दॉर’, म्हणजे ‘सोन्याचें कबूतर’, या नांवानें प्रसिद्धीस आलें. चित्रकारांकडे रोकड नसे. मालक जेवणाखाण्याच्या बदल्यांत चित्रें घेई. पिकासो, मातीस, ब्राक, लेजे अशा कलावंतांच्या कृति त्या घरांत जमत गेल्या, आणि आजहि पाहुणे त्यांच्या सान्निध्यांत जेवतात. 1964 सालीं गांवाजवळ माग प्रतिष्ठानाचें आधुनिक कलेचें संग्रहालय उघडलें. चित्रकार मार्क शागाल 1966 पासून येथें राहिला. 1985 सालीं तो वारला आणि गांवच्या दफनभूमींतच त्याला चिरविश्रांति मिळाली.

येथवरची हकीकत गोड आहे. परंतु कीर्तीबरोबर जागेची किंमत वाढते, आणि किंमत वाढली कीं ज्यांच्यामुळें कीर्ति झाली त्यांनाच तेथें जागा उरत नाहीं. थोर अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन 1970 सालीं सें-पॉलला आला. कृष्णवर्णीय म्हणून स्वदेशीं भोगाव्या लागलेल्या अवहेलनेपासून दूर राहून त्यानें तटाबाहेरच्या एका जुन्या घरांत लेखन केलें, आणि 1987 सालीं तेथेंच देह ठेविला. पुढें तें घर वांचवावें म्हणून त्याच्या चाहत्यांनीं खटपट केली. पण ती निष्फळ ठरली. घर पाडण्यांत आलें आणि त्या जागीं श्रीमंतांसाठीं सदनिका उठल्या. तटाच्या आंतहि चित्रांचीं दुकानें आणि अतिथिगृहें पुष्कळ झालीं आहेत. गांवचे बहुतेक रहिवासी आतां तटाबाहेर राहतात. तोफेनें जें गांव रितें झालें नाहीं, तें भाड्याच्या आंकड्यांनीं रितें होऊं शकतें.

म्हणून विश्रांतीसाठीं अशा गांवीं जाऊं नये काय? तसें मला म्हणावयाचें नाहीं. पाहुण्यांच्या पैशावरच त्या दगडी घरांची डागडुजी होते, हेंहि खरें. मात्र पाहुण्यानें पाहुण्यासारखें वागावें. भर उन्हाळ्यांत दोन तासांसाठीं गर्दीबरोबर येऊन छायाचित्रें घेऊन निघून जाण्यापेक्षां वसंत ऋतूंत किंवा शरदांत यावें आणि दोन-चार रात्री राहावें. सकाळीं तटावरून फेरी मारावी. दुकानांत शिरतांच प्रथम ‘बाँझूर’ म्हणून नमस्कार करावा. फ्रान्समध्यें तसें न करणें उद्धटपणाचें समजतात. दुपार उतरल्यावर वेशीबाहेरच्या चौकांत, झाडांखालीं, लोक लोखंडी गोळ्यांचा ‘पेतांक’ नांवाचा खेळ खेळतात. एखाद्या बांकावर बसून तो निवांतपणें पाहावा. कोणाचा गोळा लक्ष्याच्या अधिक जवळ गेला, यावरून त्यांचा वाद रंगतो, कोणी गुडघे टेकून अंतर मोजतो. जोंवर हा वाद गांवच्याच बोलींत ऐकूं येत आहे, तोंवर तेथें गांव नांदत आहे असें खुशाल समजावें.